सहा वर्षांच्या मुलीला सगळं कळत होतं

अमेरिकेतल्या वर्णभेदाबद्दलचा एक मजकूर सध्या फार फिरतोय. गेल्या पंधरा दिवसांत तो माझ्याकडे तिघांकडून आला. त्यांतले दोघे शिक्षक आहेत, म्हणून हे लिहायला बसले.

मजकूर थोडक्यात असा: लहान मुलांना रंग दिसत नाही. अमेरिकेत काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, पण सोयी सारख्याच होत्या. भांडण मोठ्यांचं होतं, पुढाऱ्यांनी त्यात मुलांना ओढलं. १९५४ साली कोर्टाने वेगळ्या शाळांविरुद्ध निकाल दिला, रुबी ब्रिजेस नावाची छोटी मुलगी ऐटीत गोऱ्यांच्या शाळेत गेली आणि प्रश्न मिटला. आता त्या जुन्या गोष्टी शिकवून मुलांच्या मनात विष कशाला कालवायचं?

सोबत एक चित्र असतं. पांढरा फ्रॉक, केसांत पांढरी रिबीन, हातात पट्टी आणि वही घेऊन चाललेली चिमुरडी. तिच्या पुढे-मागे चार उंच माणसं, त्यांची डोकी चित्राबाहेर राहिलेली. नॉर्मन रॉकवेल या अमेरिकन चित्रकाराने १९६४ साली काढलेलं रुबीचं हे चित्र. मूळ चित्रात मुलीच्या मागे एक भिंत आहे. त्या भिंतीवर काळ्यांसाठीची शिवी लिहिलेली आहे आणि कुणीतरी फेकलेला टोमॅटो फुटून त्याचा लाल ओघळ खाली आलाय. माझ्याकडे आलेल्या चित्रात भिंत कापून टाकली होती. राहिली ती फक्त गोड मुलगी.

मी शाळेत इतिहास शिकवते. मजकुरातलं एकेक वाक्य धरून उत्तर देते, कारण यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत आणि अर्ध्या खऱ्याला नुसतं खोटं म्हणून भागत नाही.

"लहान मुलांना रंग दिसत नाही."

१४ नोव्हेंबर १९६०. न्यू ऑर्लिन्समधली विल्यम फ्रान्ट्झ प्राथमिक शाळा. रुबीला सहा वर्षं पूर्ण होऊन दोनच महिने झाले होते. कोर्टाच्या हुकमाने त्या शाळेत पाऊल ठेवणारी ती एकटी काळी मुलगी. त्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या एका शाळेत तिच्याच वयाच्या आणखी तिघी गेल्या, त्यांचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. रुबीला आणि तिच्या आईला चार फेडरल मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस, गाडीतून घेऊन आले. बाहेर गर्दी, आरडाओरडा, फेकाफेक. रुबीने पुढे स्वतः सांगितलंय की तिला ती मार्डी ग्राची मिरवणूक वाटली. त्या शहरात मार्डी ग्राला रस्त्यांवर असाच कल्ला असतो, लोक वस्तू उधळत असतात. मजकूर पसरवणाऱ्यांच्या हातात हाच पुरावा असतो: बघा, पोरीला काही कळलंसुद्धा नाही!

हे न कळणं किती दिवस टिकलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

गर्दीतली एक बाई तिला विष घालीन म्हणून धमकवायची. म्हणून घरून आणलेल्या डब्याशिवाय काही खायचं नाही, असं मार्शलांनी बजावलं होतं. दुसरी एक बाई लहानशी शवपेटी घेऊन उभी राहायची आणि त्या पेटीत काळी बाहुली ठेवलेली असायची. शिव्यांपेक्षा रुबीला त्या पेटीची धास्ती बसली होती. रात्री स्वप्नात तीच पेटी यायची. वर्गात ती एकटी. गोऱ्या पालकांनी आपली मुलं भराभर काढून नेली होती, आणि जी थोडी उरली ती तिच्यापासून लांब ठेवली होती. शिकवायला बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री. वर्षभर एका खोलीत एक बाई आणि एक मुलगी. डबाही एकटीने खायचा. काही दिवसांनी रुबी तो खाईनाशी झाली. सँडविच वर्गातल्या कपाटात लपवून ठेवायला लागली. कपाटात उंदीर झाले तेव्हा ते उघडकीला आलं.

सहा वर्षांचं मूल डबा लपवायला लागतं तेव्हा काय बिनसलंय, हे कुठल्याही बालवाडीच्या ताईला विचारा.

शाळेत कुठेतरी दुसरी मुलं आहेत हे तिला आवाजावरून समजायचं. पुढे त्यांची गाठ पडली, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मी तुझ्याशी खेळू शकत नाही, आई नको म्हणालीये." का, तेही त्याने सांगितलं. भिंतीवरची तीच शिवी. रुबी म्हणते, तेव्हा कुठे तिला सगळ्याचा उलगडा झाला: गर्दी, पेटी, रिकामा वर्ग, सगळं आपल्या रंगासाठी होतं. सांगणारा मुलगाही तिच्याच वयाचा. रंग बघायला तो घरातून शिकून आला होता.

रुबी एकटी नव्हती, हे दाखवणारा एक प्रयोग आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क हे काळे मानसशास्त्रज्ञ पती-पत्नी. १९४०च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांपुढे चार बाहुल्या ठेवायला सुरुवात केली. रंग सोडला तर सगळ्या हुबेहूब. मग प्रश्न: यातली छान कुठली? खेळायला कुठली घेशील? वाईट कुठली दिसते? १९५१ साली साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत केनेथ क्लार्क यांनी सोळा काळ्या मुलांना हे विचारलं. अकरा जणांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते असं सांगितलं. शेवटचा प्रश्न असायचा: यातली तुझ्यासारखी कुठली? मला त्या प्रश्नांचा क्रम फार छळतो. आधी मुलाने वाईट बाहुली दाखवायची आणि मग तीच माझ्यासारखी म्हणून पुन्हा उचलायची. या प्रश्नाला काही मुलं रडली, काही खोलीबाहेर पळाली.

या प्रयोगावर आक्षेप आहेत. क्लॅरेंडनमधली मुलं मोजकी होती, आणि उत्तरेकडच्या राज्यांत, जिथे शाळा एकत्र होत्या, तिथल्या काळ्या मुलांनीही गोरीच बाहुली उचलली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण दुसऱ्या गोष्टीतून निघतं ते एवढंच की विष एकट्या शाळेत नव्हतं, ते सगळ्या देशाच्या हवेत होतं. मुलांना रंग दिसत नव्हता, असं त्यातून कसं निघेल?

आणि रंग न दिसून चालणारच नव्हतं. दक्षिणेतल्या कित्येक दुकानांत काळ्या मुलांना बूट पायात घालून बघू देत नसत. मग आई घरी जमिनीवर कागद अंथरायची, पोराला त्यावर उभं करायची, पेन्सिलीने पावलाभोवती रेघ मारून घ्यायची आणि तो आकार कापून दुकानात न्यायची. तीन-चार वर्षांचं पोर कागदावर उभं राहून विचारणारच की, "आई, मीच येतो ना दुकानात." त्या आईला काहीतरी उत्तर द्यावंच लागे. पाणी कुठल्या नळाचं प्यायचं, बसमध्ये कुठे बसायचं, गोऱ्या बाईशी कसं बोलायचं, हे शिकवावं लागे, कारण न शिकवण्याची किंमत जीवाने मोजावी लागे. एमेट टिल चौदा वर्षांचा होता. शिकागोहून सुट्टीत मिसिसिपीला नातेवाइकांकडे निघाला तेव्हा तिकडे कसं वागायचं ते आईने त्याला पढवून पाठवलं होतं. ऑगस्ट १९५५. दुकानातल्या गोऱ्या बाईशी सलगी केल्याच्या आरोपावरून त्याला रात्री घरातून उचलून नेलं आणि हाल हाल करून मारलं. बारा गोऱ्या ज्युरींनी तासाभरात आरोपींना सोडून दिलं. काही महिन्यांनी त्याच आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकाला कबुली दिली.

मुलांना कळत नव्हतं म्हणे.

गोऱ्या मुलांचंही एक सांगते. नववीला मी एक फोटो दाखवते. ४ सप्टेंबर १९५७, अर्कान्सा राज्यातलं लिटल रॉक. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड, काळा चष्मा, छातीशी वही, घरी शिवलेला नवा स्कर्ट. काळ्या नऊ मुलांनी त्या सकाळी एकत्र जमून गोऱ्यांच्या हायस्कुलात जायचं ठरलं होतं, पण एलिझाबेथच्या घरी फोन नव्हता, निरोप पोचला नाही, ती एकटीच गेली. राज्यपालाने उभे केलेले सैनिक तिला आत सोडेनात आणि मागून जमाव चालून आलेला. फोटोत तिच्या पाठीमागे एक गोरी मुलगी तोंड वासून ओरडतेय. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "बाई, ती ओरडणारी पण शाळेतलीच का?" हो, तीही पंधरा वर्षांचीच. वर्ग गप्प झाला. सैनिक, राज्यपाल, राष्ट्राध्यक्ष यांच्याबद्दल मुलांना कधी फारसं काही विचारावंसं वाटत नाही. त्यांना त्या दोघींचं वय कळतं. पुढे काही वर्षांनी त्या गोऱ्या मुलीने एलिझाबेथला फोन करून माफी मागितली, हेही मी सांगते.

"शाळा वेगळ्या, पण सोयी सारख्याच."

हे वाक्य १८९६ सालापासूनचं आहे. सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या डब्यांवरून चाललेल्या एका खटल्यात 'वेगळे पण समान' चालेल असं ठरवलं. तो खटलाही रुबीच्याच न्यू ऑर्लिन्सचा, होमर प्लेसी या माणसाचा. त्यातलं 'वेगळे' तेवढं काटेकोर पाळलं गेलं.

क्लॅरेंडन काउंटीचा हिशोबच बघा. १९४९-५० साली गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते, काळ्या मुलामागे ४३. काळी मुलं साडेसहा हजार, गोरी अडीच हजारांच्या आत. गोऱ्या मुलांसाठी तीस बस, काळ्यांसाठी एकही नाही. काही मुलं मैलोन्‌मैल चालत जायची. धरणाच्या पाण्याने वाट बुडाली तेव्हा काहींना होडी वल्हवत जावं लागे. पालकांनी आधी मागितली ती एक बस, बाकी काही नाही. तुमच्या लोकांचा कर पुरत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हा वर्गणी काढून जुनी बस घेतली, तर तिच्या पेट्रोलला पैसे द्यायलाही नकार. मग अर्जावर सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत हॅरी ब्रिग्ज नावाचे पेट्रोल पंपावर काम करणारे गृहस्थ होते, त्यांची नोकरी गेली. त्यांच्या बायकोची मोटेलमधली नोकरी गेली. लोकांना एकत्र आणणाऱ्या पाद्री जोसेफ डिलेन यांचं घर जळालं, पुढे चर्च जाळलं गेलं. एका बसपायी!

आता या वाक्यातला खरा भाग. काळ्यांच्या सगळ्याच शाळा मोडकळीला आलेल्या नव्हत्या. कान्सासमधल्या टोपीका शहरात काळ्या मुलांच्या शाळेची इमारत चांगली होती, शिक्षकही चांगले. टोपीकाच्या खटल्यातली मुलगी लिंडा ब्राउन तिथलीच. तिच्या घरापासून गोऱ्यांची शाळा सात चौक अंतरावर होती. तिला मात्र रेल्वेच्या रुळांमधून वाट काढत बसथांब्यापर्यंत जावं लागे आणि तिथून बसने लांबच्या शाळेत. टोपीकाचा खटला महत्त्वाचा ठरला तो त्यामुळेच. इमारत सारखी, पगार सारखे, पुस्तकं सारखी असं सगळं मान्य केलं तरी मुलाच्या मनावर काय होतं, हा प्रश्न तिथे उरतो. १७ मे १९५४ला नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने त्याचं उत्तर दिलं. मुख्य न्यायमूर्ती अर्ल वॉरन यांनी लिहिलं की केवळ रंगावरून मुलांना वेगळं काढल्याने त्यांच्या मनात कमीपणाची भावना तयार होते आणि ती बहुधा कधीच पुसली जाणार नाही. देशाचं सर्वोच्च न्यायालय लहान मुलांच्या मनाबद्दल बोललं. हा मजकूर लिहिणाऱ्याला निकालाचं साल माहीत आहे, निकालात काय लिहिलंय ते माहीत नाही.

"पुढाऱ्यांनी मुलांना ओढलं."

याला उत्तर म्हणून मी बार्बरा जॉन्सचं नाव घेते. व्हर्जिनियातलं फार्मव्हिल गाव. १८० मुलांसाठी बांधलेल्या काळ्यांच्या हायस्कुलात साडेचारशेच्या वर मुलं कोंबलेली. जागा पुरेना म्हणून आवारात डांबरी कागद ठोकलेल्या शेड उभ्या केल्या होत्या. हिवाळ्यात शेगडीजवळची मुलं भाजून निघत, लांबची कोट घालून बसत. पाऊस आला की छत गळे. २३ एप्रिल १९५१ला सोळा वर्षांच्या बार्बराने मित्रमैत्रिणींना हाताशी धरून मुख्याध्यापकांना खोट्या फोनने गावात पाठवलं, सगळी शाळा सभागृहात जमवली, शिक्षकांना बाहेर जायला सांगितलं आणि संप पुकारला. वकिलांना पत्र मुलांनी लिहिलं. वकील आले ते मुलांना समजावून परत वर्गात धाडायच्या विचाराने, आणि मुलांचा निर्धार बघून केस घ्यायला तयार झाले, अट एकच की भांडायचं तर एकत्र शाळेसाठी भांडायचं. ११७ विद्यार्थ्यांच्या नावाने दावा दाखल झाला. १९५४च्या निकालात जे पाच दावे एकत्र झाले, त्यांतला हा एक. यात कुणी कुणाला ओढलं?

अलाबामातल्या बर्मिंगहॅमबद्दल मात्र आक्षेप ऐकून घ्यायला हवा. मे १९६३मध्ये तिथे शाळकरी मुलांना वर्णभेदाविरुद्धच्या मोर्च्यात उतरवण्याचा निर्णय मोठ्यांनीच घेतला. मुलांवर पोलिसांची कुत्री सोडली गेली, पाण्याचे फवारे मारले गेले, शेकडो मुलं तुरुंगात गेली. चळवळीतल्याच अनेकांना ते पटलं नव्हतं, आणि आई म्हणून मला आजही ते फोटो बघवत नाहीत. पण घरी बसवलेली मुलं सुरक्षित होती, असं कुणी समजू नये. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला त्याच शहरातल्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. तेव्हा त्या कुठल्या मोर्च्यात नव्हत्या, रविवारच्या प्रार्थनेला आल्या होत्या.

"निकाल लागला, रुबी शाळेत गेली, प्रश्न मिटला."

निकाल १९५४चा. रुबी शाळेत गेली १९६०ला. निकाल लागला तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता! निकालाच्या पुढल्याच वर्षी कोर्टाने अंमलबजावणी 'शक्य तितक्या जाणीवपूर्वक वेगाने' करा, असं काहीतरी अधांतरी सांगितलं आणि राज्यांनी त्यातला वेग सोडून दिला. लिटल रॉकने १९५८-५९चं अख्खं वर्ष आपली हायस्कुलं बंद ठेवली. बार्बरा जॉन्सच्या काउंटीने तर कहर केला: काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांना कुलूप घातलं, ते १९६४पर्यंत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांची वर्षांमागून वर्षं गेली. सात वर्षांचं मूल अकरा-बारा वर्षांचं होईपर्यंत शाळेबाहेर! दक्षिणेच्या अकरा राज्यांत, निकालाला दहा वर्षं होत आली तरी, गोऱ्यांबरोबर शिकणारी काळी मुलं शंभरात जेमतेम एक-दोन होती. आणि जिथे शाळा एकत्र झाल्या, तिथे काळ्यांच्या शाळा बंद करून त्यांतल्या हजारो शिक्षकांना घरी बसवलं गेलं. चांगले शिक्षक होते म्हणता ना, ते असे गेले.

रुबीच्या घरचं तर मजकुरात येतच नाही. वडिलांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. मिसिसिपीत वाट्याने शेती करणाऱ्या आजी-आजोबांना जमिनीवरून उठवलं.

"मग मुलांच्या मनात विष कशाला कालवायचं?"

हा मजकूर लिहिणाऱ्याने नवीन काही सांगितलेलं नाही. २०२३ साली फ्लोरिडातल्या एका शाळेत रुबीवरचा चित्रपट एका पालकाच्या तक्रारीवरून थांबवला गेला. कारण काय, तर तो बघून मुलांना वाटेल की गोरे लोक काळ्यांचा द्वेष करतात. दुसरीच्या मुलांना हे झेपणार नाही, असं म्हणणं होतं. रुबी पहिलीत होती.

न सांगितल्याने काय होतं, ते मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलंय. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने टीव्हीवर फनटाउन नावाच्या करमणुकीच्या बागेची जाहिरात बघितली आणि जाऊया म्हणून हट्ट धरला. तिथे काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. शब्दांवर हुकूमत असलेला तो माणूस लिहितो की मुलीला हे सांगताना आपली जीभ अडखळते. जाहिरात मात्र लागत होती. बाप गप्प राहिला असता तरी मुलीला एक दिवस कळलंच असतं, आणि आपल्यातच काही खोट आहे असं तिने मनाशी धरलं असतं.

मराठी माणसाला हे समजायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर स्वतःचं गोणपाट अंथरून वेगळे बसत आणि शाळा सुटली की ते गोणपाट घरी नेत, कारण शाळेचा गडी त्याला शिवत नसे. तहान लागली तर शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी, शिपाई नसला की पाणी नाही. १९०१ साली नऊ वर्षांचे असताना वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातल्या गोरेगावला जाताना वाटेत जे भोगलं, ते त्यांनी लिहून ठेवलंय, आणि त्याआधीच आपण अस्पृश्य आहोत हे आपल्याला ठाऊक होतं, असंही लिहिलंय. त्यांना ते कुणा पुढाऱ्याने शिकवलं नव्हतं.

ज्या शिक्षक मित्रांनी हा मजकूर मला पाठवला, त्यांना मी रुबीच्या दुसरीच्या वर्गाचं सांगितलं. सुट्टीनंतर ती शाळेत गेली तेव्हा बाहेर गर्दी नव्हती, मार्शल नव्हते. वर्ग मुलांनी भरलेला होता, त्यात आणखी काही काळी मुलंही होती. हेन्रीबाई मात्र गेल्या होत्या. कुणी निरोप घेतला नव्हता, कुणी काही समजावलं नव्हतं. वर्षभर एकाच माणसाशी बोलून रुबीच्या बोलण्यात बॉस्टनचे उच्चार आले होते, त्यावर नव्या बाई तिला टोकत, चेष्टा करत. आदल्या वर्षाबद्दल मात्र शाळेत कुणी एक अक्षर काढलं नाही, जणू ते वर्ष उगवलंच नव्हतं.